जीव घालून दाखवा!

आमच्या खानदानाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी सहसा काही टाकत नाही. ईद मुबारक, इन्ना लिल्लाहि आणि कुणाच्या मुलाला दहावीत किती टक्के पडले, एवढ्यावर तो ग्रुप चालतो. पण मागच्या महिन्यात कॅलिफोर्नियाहून, लेकीच्या घरून, मी एक फोटो टाकला. डोंगराच्या कुशीतलं उघडं प्रेक्षागृह, अजून रिकामा असलेला रंगमंच, आणि खाली दोन ओळी: 'इथे आज जिवंत माणसं जगातली गाजलेली चित्रं उभी करून दाखवणार आहेत. शेवटचं चित्र दा विंचीचं, हजरत ईसांच्या अखेरच्या जेवणाचं.'

पंधरा मिनिटांत तीन 'अस्तगफिरुल्लाह' आले. एका बुजुर्गांनी, ज्यांच्याबद्दल मला आदर आहे आणि राहील, लिहिलं, 'म्हणजे पैगंबराचं सोंग बघून टाळ्या वाजवणार? या वयात?' मग त्यांनी ती प्रसिद्ध हदीस उर्दूतून टाकली. कयामतच्या दिवशी चित्रं काढणाऱ्यांना सांगितलं जाईल की तुम्ही जे बनवलंत त्यात आता जीव घाला. आणि ते घालू शकणार नाहीत. त्याखाली हात जोडलेले अकरा इमोजी.

एवढ्यावर मी गप्प बसलो असतो. ग्रुपवर वाद घालून आजवर कुणाचं भलं झालेलं नाही. पण त्याच रात्री माझ्या पुतण्याचा वेगळा, खासगी मेसेज आला. त्याची मुलगी आठवीत आहे, सोलापुरात. चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसायचं म्हणते. त्यात स्मरणचित्र नावाचा पेपर असतो. भाजीबाजार काढा, बसस्टँड काढा, पतंग उडवणारी मुलं काढा असं काहीतरी. म्हणजे माणसं काढावीच लागतात. संध्याकाळच्या मकतबमध्ये तिला सांगितलंय की काढायचीच असली तर माणसांना चेहरे देऊ नकोस. नाक, डोळे, तोंड नको. शाळेतल्या बाई म्हणतात, चेहरे नसतील तर मार्क जातील. 'चाचा, काय सांगू तिला?'

म्हणून हे लिहितो आहे. उत्तर पुतण्याला द्यायचं आहे, पण ऐकावं सगळ्यांनी, विशेषतः ज्यांनी अस्तगफिरुल्लाह म्हटलं त्यांनी.

आधी मी काय पाहिलं ते सांगतो, कारण न पाहता फतवा देण्याची आपल्याला सवय आहे. लॉस एंजेलिस आणि सॅन दिएगो यांच्या मध्ये, पॅसिफिकच्या काठावर लगूना बीच नावाचं छोटं गाव आहे. जुनी चित्रकारांची वस्ती. 1932 साली लॉस एंजेलिसला ऑलिंपिक भरलं, मंदीचे दिवस होते, तेव्हा इथल्या चित्रकारांनी आपली चित्रं बाहेर कुंपणांवर टांगली, की येणाऱ्या-जाणाऱ्यांतला एखादा तरी विकत घेईल. पुढच्या वर्षी कुणाच्या तरी डोक्यात आलं की लोकांना खेचायचं तर चित्रात माणसंच उभी करू. तेव्हापासून, महायुद्धाची चार वर्षं आणि कोविडचा 2020 चा उन्हाळा सोडला, तर दर जुलै-ऑगस्टमध्ये रोज रात्री हा खेळ होतो. 'पॅजंट ऑफ द मास्टर्स' त्याचं नाव. अडीच हजारांवर माणसं उघड्या आभाळाखाली बसतात. समुद्रावरून गार वारा येतो, लोक चादरी घेऊन येतात. दुर्बिणी भाड्याने मिळतात. दुर्बिणी कशाला, तर चित्रातला माणूस श्वास घेतो का ते बघायला!

पुण्याच्या गणेशोत्सवात सजीव देखावे ज्यांनी पाहिलेत त्यांना वाटेल, यात नवीन काय? आपल्या देखाव्यात माणसं हलतात, लाउडस्पीकरवर संवाद वाजतात, तलवारी निघतात. इथे उलटं. इथे कुणी हलत नाही. खाली ऑर्केस्ट्रा वाजतो, निवेदक चित्राची आणि चित्रकाराची गोष्ट सांगतो, पडदा उघडतो आणि समोर सोनेरी चौकटीत भलंमोठं चित्र असतं. मी पहिल्या चित्राला लेकीच्या नवऱ्याला विचारलं, 'हे तर नुसतंच छापील चित्र आहे, माणसं कधी येणार?' तो हसून म्हणाला, 'सात माणसं आहेत त्यात. मोजा.' मला दोन सापडली.

हे कसं करतात ते त्यांनी एका चित्राच्या वेळी दिवे लावून सगळ्यांसमोर दाखवलं, आणि माझ्या दृष्टीने संध्याकाळचा खरा भाग तोच. मागे रंगवलेला पडदा असतो. त्यात माणसांसाठी जागा सोडलेल्या असतात. माणसं रंगवलेले कपडे घालून येतात. 'रंगवलेले' म्हणजे खरंच: कापडाच्या चुण्या, मखमलीची चमक, बाहीची सावली, सगळं ब्रशने काढलेलं. कारण खरी चुणी खरी सावली पाडते, आणि खरी सावली पडली की चित्र फुटतं. चेहऱ्याचंही तसंच. नाकाच्या बाजूची सावली रंगाने काढायची, गालावरचा उजेड रंगाने काढायचा, आणि दिवे असे लावायचे की खरी सावली कुठे पडूच नये. मग कमरेला, पाठीला आधार देणाऱ्या लोखंडी दांड्या. प्रत्येकजण आपल्या खाचेत जाऊन बसतो, कुणी अर्धवट वाकलेला, कुणी एक पाय हवेत धरून. ठरलेला हात ठरलेल्या जागी. शेवटी चौकट येते, दिवे बदलतात. आणि जी माणसं आत्ता आपल्यासमोर खाकरत होती, नाक खाजवत होती, ती सपाट होऊन जातात. कॅनव्हास होतात. माझ्या शेजारची म्हातारी 'ओ' असं काहीतरी म्हणाली. माझ्या तोंडून 'सुभानल्लाह' निघालं, हेही कबूल करतो.

आणि मग नव्वद सेकंद. प्रत्येक चित्र साधारण दीड मिनिट धरायचं असतं. दीड मिनिट म्हणजे किती ते करून पाहा. हात पुढे धरून, पापणी न हलवता उभे राहा. तिसाव्या सेकंदाला खांदा बोलायला लागतो. ही मंडळी पगारी नटही नाहीत. गावातले, आसपासचे लोक, बँकेतले, दुकानातले, निवृत्त मास्तर, शाळकरी मुलं, शेकड्यांनी येतात आणि सबंध उन्हाळा आठवड्या-आठवड्याने पाळी घेतात. ब्राँझच्या शिल्पांचा एक भाग होता. त्यात माणसं नखशिखांत धातूच्या रंगाने माखलेली. एका शिल्पात एक मुलगी मान मागे टाकून उभी होती. दुर्बिणीतून मला तिच्या गळ्याजवळ एक शीर उडताना दिसली. तेवढीच. बाकी ब्राँझ. खेळ संपल्यावर लेक भेटली तेव्हा तिने विचारलं, 'आप कायको दम रोकको बैठे थे, अब्बा? मी पडद्याच्या फटीतून बघत होते.'

मला माहीत नव्हतं, मी दम रोखून धरला होता.

आता त्या हदीसकडे येतो. बुजुर्गांनी ती माझ्या तोंडावर फेकली, पण मी ती त्या डोंगरात बसून आठवत होतोच, कुणी फेकायच्या आधी. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट अशी सहजासहजी जात नाही. 'जीव घालून दाखवा' हे आव्हान आहे, आणि त्याचा अर्थ माणसाला त्याची पायरी दाखवणं हा आहे. तू आकार काढशील, जीव नाही घालू शकणार. बरोबर. माझं म्हणणं एवढंच आहे की ही पायरी मला आयुष्यात इतकी लख्ख कधी दिसली नव्हती जितकी त्या नव्वद सेकंदांत दिसली. इथे माणसाने उलटा प्रयोग केला. चित्रात जीव घालता येत नाही ना? मग जिवंत माणूसच चित्रात घालू. आणि काय होतं? जीव चित्रात मावत नाही. शीर उडते. पापणी लवते. श्वास कुठेतरी बाहेर पडतोच. अल्लाहने दिलेलं जे आहे ते दीड मिनिटसुद्धा झाकून ठेवता येत नाही, पाचशे माणसांची मेहनत आणि सगळे दिवे लावूनही. निर्मात्याशी बरोबरी करायचा आव आणणाऱ्याची फजिती बघायची असेल तर यापेक्षा चांगली जागा नाही. पण तिथे कुणी बरोबरीचा आव आणतच नव्हतं. सगळे जण मिळून थक्क होत होते.

हा विचार माझ्या डोक्यातून निघालेला नाही. अकबर बादशहाचं असंच म्हणणं अबुल फज्लने आईन-ए-अकबरीत नोंदवून ठेवलं आहे: चित्रकाराला अल्लाहला ओळखण्याची खास वाट मिळालेली असते, कारण तो अवयव न् अवयव काढत जातो आणि शेवटी त्याला कळतं की जीव आपल्या हातात नाही. तुम्ही म्हणाल, अकबराचा दाखला कशाला देता, त्याच्या दीनबद्दलच प्रश्न आहेत. ठीक. मग मुहम्मद अब्दुह यांचा घ्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते इजिप्तचे मुफ्ती होते. सिसिलीला गेले, तिथली चित्रं-पुतळे पाहिले आणि लिहिलं की मनाई होती ती मूर्तिपूजेच्या भीतीपोटी. जिथे ती भीती उरलेली नाही तिथे चित्र हे जपणुकीचं आणि ज्ञानाचं साधन आहे. मुफ्तींनी लिहिलेलं आहे, एखाद्या नटाने नव्हे. आणखी मागे जा. हजरत आयेशांच्या बाहुल्यांची हदीस तुमच्याच किताबात आहे. त्यातला पंखांचा घोडा पाहून पैगंबर हसले होते. चित्रांच्या पडद्याचीही आहे. पडदा उतरवायला लावला, पण त्याच कापडाच्या उशा झाल्या आणि त्या घरात वापरल्या गेल्या. सूरे सबामध्ये हजरत सुलेमानसाठी जिन्न ज्या वस्तू घडवत त्यांत 'तमासील' आहेत, म्हणजे पुतळे. या सगळ्यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत, मला माहीत आहे. म्हणूनच म्हणतो, मतभेद आहेत. मग आठवीतल्या मुलीला ते मतभेद नसल्यासारखे का सांगता? तिच्या वाट्याला नेहमी सगळ्यात कडक मतच का येतं?

आणि प्रामाणिकपणाचं काय करायचं? ज्या मौलवीसाहेबांनी चेहरे काढू नकोस म्हणून सांगितलं, त्यांचे बयान यूट्यूबवर आहेत. लघुप्रतिमेत त्यांचा चेहरा आहे, बोट वर केलेला. हजला जायचं तर पासपोर्टला फोटो लागतो, आणि तो बिनचेहऱ्याचा चालत नाही. काबागृहासमोर सेल्फी काढणाऱ्यांची गर्दी आवरता आवरत नाही. 'कॅमेरा म्हणजे आरसा, हाताने काढलं ते चित्र' अशी पळवाट काढली जाते. म्हणजे मोबाइलने हजार चेहरे काढले तर आरसा, आणि पोरीने पेन्सिलीने एक भाजीवाली काढली, तिला दोन डोळे दिले, तर कयामत? हे धर्मशास्त्र नाही. ज्याच्या हातात मोबाइल आहे त्याला सूट आणि जिच्या हातात पेन्सिल आहे तिला बंदी, एवढाच याचा अर्थ.

शेवटच्या चित्राबद्दल वेगळं लिहायला हवं. तिथे माझी खरी अडचण झाली आणि ती लपवणं बरोबर नाही.

परंपरेने या खेळाचा शेवट 'लास्ट सपर'ने होतो. मिलानच्या सांता मारिया देल्ले ग्रात्सिए मठाच्या जेवणघराच्या भिंतीवर लिओनार्दोने 1495 ते 1498 च्या दरम्यान काढलेलं ते चित्र. लांब टेबल, तेरा जण. मधला माणूस हजरत ईसा. आमच्यासाठी ते अलैहिस्सलाम आहेत, पैगंबर आहेत. पडदा उघडायच्या आधी मी मान खाली घातली. बुजुर्गांनी विचारलेला प्रश्न माझा मीच स्वतःला विचारला होता. मी आपल्या पैगंबरांचं चित्र कधी मागणार नाही, आणि माझ्या मनातली ही ओढ मी तर्काने पुसूही इच्छित नाही. पण मग मला सूरे माइदा आठवली. पाचवी सूरा. तिचं नावच त्या दस्तरख्वानावरून पडलं आहे. हवारी हजरत ईसांना म्हणतात, तुमचा रब आकाशातून आमच्यासाठी अन्नाने भरलेलं ताट उतरवू शकेल का, आणि ईसा दुआ मागतात. या आयतींचा संबंध त्या अखेरच्या जेवणाशी असावा असं कित्येक अभ्यासकांना वाटतं. रमजानमध्ये किती वेळा ऐकली असेल ती सूरा, पण ती माणसं एका ओळीत जेवायला बसलेली मी कधी डोळ्यांसमोर आणली नव्हती. मी मान वर केली.

तेरा जण बसले होते. कुणी हात वर केलेला, कुणी शेजाऱ्याच्या कानाशी झुकलेला. मधल्याचे दोन्ही हात टेबलावर पसरलेले, एक तळवा वर. तो कुणीतरी गावातलाच माणूस होता. दाढी चिकटवलेली, गालावरची छटा ब्रशने काढलेली. भुकेल्यांनी मागितलं आणि एकाने हात पसरून वर मागितलं, हे मला दिसलं. नव्वद सेकंद. मग पडदा पडला, टाळ्या झाल्या, लोकांनी चादरी गोळा केल्या आणि पार्किंगकडे निघाले. कुणी सजदा केला नाही. कुणी हात जोडले नाहीत. ज्या भीतीपायी एवढी बंदी, ती भीती अडीच हजार लोकांत मी शोधत होतो. मला फक्त गाडी कुठे लावली ते विसरलेली माणसं दिसली.

मराठी मुसलमानाला तर चित्राची भीती वाटायचं काहीच कारण नाही. अहमदनगरच्या निजामशाहीत 1565 च्या सुमारास 'तारीफ-ए-हुसेनशाही' नावाची सचित्र फारसी पोथी तयार झाली. हुसेन निजामशहाचं गुणगान, आणि त्यात राजा-राणीची चित्रं. दख्खनी चित्रकलेचा हा आपला अगदी सुरुवातीचा ठेवा, आणि तो लंडनला नाही, पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. आपल्यातल्या कितींनी तो पाहिला? विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या दरबारातली चित्रं जगभरच्या संग्रहालयांत टांगलेली आहेत. तो आपला वारसा आणि बिनचेहऱ्याची भाजीवालीही आपलाच वारसा, असं एकाच वेळी कसं चालेल?

त्या नगरच्या पोथीत एक गोष्ट आहे जी मला रात्री आठवते. राजाशेजारी राणी होती, खुंझा हुमायून. पुढे तिनेच मुलाच्या नावाने राज्य चालवलं, मग त्याच मुलाने तिला कैदेत टाकलं. बहुतेक चित्रांतली तिची आकृती नंतर पुसून टाकलेली आहे. राजा बसलेला दिसतो आणि त्याच्या शेजारी एक डाग. चेहरा काढणं गुन्हा की नाही यावर आपण चारशे वर्षं बोलू, पण बाईचा चेहरा पुसायला कुणाला फतवा लागला नाही.

हे मी कोणत्या तोंडाने सांगतो आहे, तेही ऐका. वीस वर्षांपूर्वी माझी लेक बारावी झाली तेव्हा तिला मुंबईला जे. जे.मध्ये जायचं होतं. एलिमेंटरी, इंटरमिजिएट, दोन्हीत 'ए' ग्रेड. वह्यांच्या शेवटच्या पानांवर तिच्या अम्मीचे, दादीचे, दारावर येणाऱ्या बोहारणीचे चेहरे असायचे. मी पुरोगामी म्हणवून घेत होतो. सभांना जात होतो, तलाकवर बोलत होतो. माझ्या थोरल्या चुलत्यांनी मला बाजूला घेऊन म्हटलं, तिथे उघड्या माणसांना समोर बसवून चित्रं काढतात, खानदानाचं नाक जाईल. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. लेकीशी घातला. तिला मी धर्म सांगितला नाही, ते मला लाजिरवाणं वाटलं असतं. मी म्हटलं, चित्रकलेत पोट भरत नाही. ती इंजिनिअर झाली. चांगली झाली. मी कित्येक वर्षं हे माझं यश म्हणून सांगत आलो.

आता ती दर उन्हाळ्यात, ऑफिस झाल्यावर, त्या डोंगरात जाऊन रंगपटात विनामोबदला माणसांचे चेहरे रंगवते. नाकाच्या बाजूची ती सावली, जी मी दुर्बिणीतून बघत होतो, ती काढणाऱ्या हातांत तिचाही हात आहे. खेळ संपल्यावर ती बाहेर आली तेव्हा तिच्या कोपरापर्यंत ब्राँझचा रंग होता. मला म्हणाली, जवळ येऊ नका, कुडत्याला लागेल. त्याखेरीज तिने मला काही ऐकवलं नाही. ऐकवलं असतं तर बरं झालं असतं.

इथवर वाचून काही बिगरमुस्लिम मित्र खूश झाले असतील, आणि हा लेख 'बघा, त्यांच्यातलाच माणूस सांगतोय' म्हणून पुढे पाठवायला अंगठा उचलला असेल. जरा थांबा. पंढरपूरला 1915 साली जन्मलेला एक मुसलमान पोरगा मुंबईत सिनेमाची होर्डिंग्ज रंगवत मोठा झाला. त्याने रामायण रंगवलं, महाभारत रंगवलं. त्या मकबूल फिदा हुसेनवर किती खटले झाले? 2008 साली दिल्ली उच्च न्यायालयाने ते रद्द केले, तरी तो परत येऊ शकला नाही. कतारचा नागरिक झाला आणि 2011 साली लंडनमध्ये गेला. चित्राला घाबरणं ही आमची एकट्याची मिरास नाही. आणि आमचेही हात स्वच्छ नाहीत: त्याच हुसेनच्या 'मीनाक्षी' सिनेमातल्या एका गाण्यावर 2004 साली आमच्या संघटना तुटून पडल्या आणि सिनेमा थिएटरातून उतरला. दोन्हीकडच्यांनी मिळून एक म्हातारा घालवला. यात एकमेकांकडे बोट दाखवायला जागा नाही.

चित्र निरुपद्रवी असतं असंही मी म्हणत नाही. 2009 साली मिरजेत गणेशोत्सवाच्या कमानीवरच्या अफजलखान वधाच्या चित्रावरून दंगल पेटली होती. चित्र कुणाला काय म्हणून दाखवतं, कुणाच्या मोहल्ल्याच्या तोंडाशी उभं केलं जातं, कोणत्या हेतूने, हे विचारलंच पाहिजे, आणि आम्ही ते विचारत राहू. पण हे प्रश्न विचारायला चित्र वाचता यावं लागतं. ज्याला लहानपणी डोळा काढू दिला नाही, तो मोठेपणी कमानीकडे बघून फक्त दगड उचलेल किंवा मान खाली घालून निघून जाईल.

आमच्या कलासमीक्षक मित्रालाही एक वाक्य. तो फोनवर म्हणाला, ही कला नाही, नक्कल आहे, पर्यटकांचा तमाशा. असेल. त्या गावातला बँकेचा कारकून नव्वद सेकंद लिओनार्दोच्या आत बसून येतो. तू तुझ्या समीक्षेने किती जणांना चौकटीजवळ तरी नेलंस?

तर, बेटा, तुझ्या मेसेजचं उत्तर. तिचा फॉर्म भर. स्मरणचित्राच्या पेपरात तिला माणसं काढू दे, आणि त्यांना डोळे, नाक, तोंड सगळं देऊ दे. मकतबमध्ये कुणी विचारलं तर तिला पुढे करू नकोस, तू जा आणि माझं नाव सांग. मी परत आलो की मीही येईन मौलवीसाहेबांकडे. किताबं घेऊन बसू, चहा पिऊ, त्यांचं ऐकू. ते ओरडतील. ओरडू देत. मुलीसमोर मात्र नको.

आणि तिच्या फुफीने तुझ्या पोरीसाठी ब्रशचा एक संच घेऊन ठेवला आहे. माझ्या बॅगेत आहे. बारीक ब्रश आहेत, सावलीचे. ती म्हणते, नाकाच्या बाजूला ते लागतात.